तोंडपाठ नंबर

मी एक मोबाइल नंबर बोलतोय. दहा आकडी, अगदी साधा. ते दहा आकडे कोणते, हे मात्र विचारू नका; सांगणार नाही. नको तिथे सांगितला गेल्यामुळे जे झालं, तीच तर माझी कहाणी आहे. आता मीच स्वतःला वाटत सुटलो तर तुम्ही म्हणाल, लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

आधी एक सांगून ठेवतो. लोकांना वाटतं, नंबर सिमकार्डात राहतो. सिमकार्ड हे माझं भाड्याचं घर. ते बदलतं, हरवतं, बादलीत पडतं. मी खरा राहतो तो जिथे जिथे कुणी मला पाठ केलंय किंवा टिपून ठेवलंय तिथे. कुणाच्या जिभेवर, कुणाच्या फोनमध्ये, दुकानांच्या कंप्युटरमध्ये. त्यामुळे मी एकाच वेळी डोंबिवलीत असतो आणि ठाण्यातही असतो, आणि दोन्हीकडचं मला कळतं.

माझा जन्म कंपनीच्या एका लांबलचक यादीत झाला. मागे-पुढे सगळी भावंडंच, शेवटच्या आकड्यात एकाचा फरक. त्यातला एक म्हणे कुठल्याशा बिल्डरकडे गेला आणि फार ऐटीत राहिला. मी डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानात काचेखाली पडून होतो. इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं आणि ज्याला त्याला मोबाइल हवा होता. एके दिवशी साईनाथ घाग नावाचे गृहस्थ आले. एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत कामाला, त्यामुळे नखांच्या कडेला कायम निळसर झाक. दुकानदाराने तीन-चार नंबर पुढे केले. साईनाथनी प्रत्येक मोठ्याने म्हणून पाहिला आणि मला उचललं.

"हा घरात लवकर पाठ होईल," ते म्हणाले.

घरात म्हणजे विनिताला. त्यांची बायको. कंपनी रसायनांची, कधी काय होईल नेम नाही. काही कमी-जास्त झालं तर फोन कुठे करायचा हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे, असा साईनाथांचा हट्ट होता. त्याच संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता तिने मला पाठ केलं. तिने माझे आपल्या सोयीने तुकडे पाडले, तीन, तीन, मग दोन, दोन, आणि शेवटच्या दोनवर जरासा हेल. तसं मला पुढे कुणीही म्हटलं नाही.

विनिता चिपळूणकडची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही या वळणात वाढलेली. हळदीकुंकवाला बायकांनी धरून बसवलं तर उखाण्यात घेईल तेवढंच. एरवी घरात 'अहो' आणि बाहेर 'आमचे हे'. दुकानात विचारायचे, "बिल कुणाच्या नावाने करू, ताई?" ती म्हणायची, "नंबर घ्या ना," आणि मला धडाधड म्हणून टाकायची. समोरचा मला कंप्युटरात टाकायचा आणि पडद्यावर 'साईनाथ घाग' उमटायचं. तिने न घेतलेलं नाव असं माझ्यामागून यायचं. ते वाचताना ती जरा लाजायची, अगदी पन्नाशी ओलांडल्यावरसुद्धा. मला तिच्या जिभेवर राहायला फार आवडायचं, हे मी मोकळेपणाने सांगतो.

हळूहळू मी सगळीकडे गेलो. मुलीच्या, संचिताच्या शाळेत. गॅसवाल्याकडे. साडीच्या दुकानात, भांड्यांच्या दुकानात, औषधांच्या दुकानात. पुढे तर अशी पद्धत पडली की पैसे घेण्याआधी नंबर विचारायचा. माणसांची मला मोठी गंमत वाटते. सख्ख्या भावाला पगाराचा आकडा सांगणार नाहीत, शेजारणीला साडीची किंमत निम्मी करून सांगतील. पण काउंटरवरची अनोळखी मुलगी "नंबर बोला" म्हणाली की दहाच्या दहा आकडे खड्या आवाजात सांगतात, वर जन्मतारीख, लग्नाची तारीखही. मागच्या रांगेतले सगळे ऐकत असतात. कशासाठी, तर पॉइंट जमतात. त्या पॉइंटांचं काय करायचं ते अर्ध्यांना माहीत नसतं.

तिथून मग माझी चैन संपली आणि दशा सुरू झाली. एका दुकानाच्या यादीतून मी दुसऱ्या यादीत गेलो. सोबत नाव, वय, गाव, काय विकत घेतो ते सगळं बांधून. साईनाथना फोन येऊ लागले. मुरबाडला प्लॉट घ्या, विमा घ्या, पाणी शुद्ध करायचं यंत्र घ्या. साईनाथ गरीब स्वभावाचे, कुणावर ओरडायचे नाहीत. फक्त विचारायचे, "माझा नंबर कुठून मिळाला हो तुम्हाला?"

"सर, डेटाबेसमधून."

"असं का? हे डेटाबेस राहतात कुठे? एकदा भेटायचंय त्यांना."

विनिता स्वयंपाकघरात खुदुखुदु हसायची. असे ते दिवस होते.

निवृत्तीनंतर दोन पावसाळेही पुरते झाले नसतील, साईनाथ गेले. छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं. त्या दिवशी मी सारखा वाजत होतो. आधी नातेवाईक, मग कंपनीतले लोक, आणि मधेच एक पाणी शुद्ध करायच्या यंत्रवाला. विनिताने त्याचंही ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "ते नाहीत हो आता." त्याने "सॉरी मॅडम" म्हणून ठेवला. आठवड्याने त्याच कंपनीतून दुसऱ्याचा फोन आला.

साईनाथांचा फोन विनिता रोज चार्ज करायची. कुणाला करायचा नव्हता, कुणाचा येणार नव्हता, तरी करायची. मग संचिता तिला बंगळुरूला आपल्या घरी काही महिने घेऊन गेली. जाताना संचिताने बँकेत आणि गॅसकडे आईचा स्वतःचा नंबर लावून दिला, कामाला चोख मुलगी. पण मला रिचार्ज करायचं राहून गेलं, किंवा राहू दिलं गेलं. कंपनीने वाट पाहिली, निरोप पाठवले, आणि एके दिवशी मला बंद केलं. विनिता परत आली तेव्हा साईनाथांच्या फोनवर नेटवर्कच्या दांड्या उरल्या नव्हत्या. तिने तो फोन रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला.

बंद नंबराचं आयुष्य कसं असतं म्हणाल, तर काहीच नसतं. मी कंपनीच्या कोठारात होतो. फक्त विनिताच्या जिभेवर जिवंत होतो.

कारण ती मला अजून म्हणत होती. स्वतःचा नंबर तिला कधी पाठच झाला नाही. शिवाय संचिताने बजावलेलं, "आई, दुकानांत तुझा नंबर देत जाऊ नकोस हं. हे लोक विकतात सगळं." विनिताने त्यातून स्वतःची अशी एक युक्ती काढली. बंद पडलेला नंबर सांगायचा! त्यावर कोण फोन करणार? आणि केला तरी कुणाला लागणार? सरोजच्या मेडिकलमध्ये तिने हे हसत हसत सांगितलंही होतं. सरोज म्हणजे तिच्या बिल्डिंगसमोर औषधांचं दुकान चालवणारी, तिच्या मुलीच्या वयाची बाई.

"काकू, तुम्ही भारीच हुशार," सरोज म्हणाली आणि मला टाइप केलं. पडद्यावर 'साईनाथ घाग' आलं. विनिता ते वाचत उभी राहिली. युक्ती वगैरे ठीक आहे. पण मला विचाराल तर ती तेवढं वाचायलाच मला म्हणायची.

आता तिला जे माहीत नव्हतं ते सांगतो. बंद पडलेला नंबर कंपन्या कायमचा पुरत नाहीत. काही महिने जाऊ देतात आणि नव्या गिऱ्हाइकाला देऊन टाकतात. मलाही दिलं. ठाण्यात, क्षिप्रा नावाच्या मुलीला.

क्षिप्रा खोपटला एसटी डेपोच्या मागच्या बाजूला आईसोबत राहते आणि राम मारुती रोडवर चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. कामासाठी वेगळा नंबर हवा म्हणून तिने मला घेतलं. बिचारीला वाटलं, कोरा नंबर मिळाला. पहिल्याच दिवशी मेसेज आला: 'प्रिय साईनाथ, खरेदीबद्दल धन्यवाद.' मग मुरबाडचा प्लॉट. मग विमा. ती प्रत्येकाला सांगायची, राँग नंबर. एकाने तर तिलाच दटावलं, "मॅडम, खोटं बोलू नका, साईनाथ सरांना द्या."

सुरुवातीला तिला गंमत वाटली. जेवताना आईला वाचून दाखवायची. "आई, साईनाथरावांनी आज गुडघ्याचा पट्टा घेतला." "आई, साईनाथराव केसांना मेंदी लावतात बघ." मग तिच्या लक्षात आलं की हे कुणी साईनाथराव नाहीत, कुणीतरी बाई आहे. दर महिन्याला बीपीच्या गोळ्या. एकटीपुरतं किराणा सामान. एकदा एक रेशमी साडी घेतल्याचा मेसेज आला आणि दुसऱ्याच दिवशी ती परत केल्याचा. क्षिप्राने तोही वाचून दाखवला, पण तिचा आवाज जरा बदलला होता.

आई म्हणाली, "क्षिप्रा, कुणाच्या घराच्या खिडकीला डोळा लावल्यासारखं आहे गं हे. नको वाचूस."

त्यानंतर तिने खरोखर वाचणं सोडलं. आला मेसेज की न उघडता पुसायची. चांगल्या घरची मुलगी. पण फोनांनी ती इतकी कावली की या महिन्यात नंबर बदलायचाच असं तिने ठरवलं. म्हणजे मी परत कोठारात. मला वाईट वाटलं, पण तिची चूक म्हणता येणार नाही.

आणि मग तो रविवार आला.

विनिताने आदल्या दिवशी एका लॅबमध्ये रक्त दिलं होतं. डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीला पाठवलं होतं. काउंटरवर "नंबर?" म्हणाल्याबरोबर तिच्या तोंडून मी गेलो. रिपोर्ट मोबाइलवर येईल, ते म्हणाले. ही म्हणाली, मी सोमवारी येऊन कागदच घेऊन जाईन. कागदाशिवाय तिचा विश्वास नाही.

दुपारी क्षिप्रा आणि आई जेवायला बसणार, इतक्यात मी वाजलो. पलीकडून एक तरुण घाईघाईने बोलत होता.

"हॅलो, विनिता घाग तुमच्याकडच्याच ना? लॅबमधून बोलतोय. त्यांचं पोटॅशियम डेंजर वाढलेलं आहे. हार्टवर येऊ शकतं. त्यांना आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला घेऊन जा."

"अहो थांबा, थांबा. मी त्यांची कुणी नाही. हा नंबर माझा आहे."

 तो एकदम कायद्याने वागू लागला. "मग सॉरी मॅडम, पेशंटची माहिती आम्हाला बाहेरच्यांना देता येत नाही."

"दिलीत की आत्ता सगळी!" क्षिप्रा उसळली. "आता त्यांना कळवा ना. पत्ता असेल तुमच्याकडे."

"पत्त्यात फक्त डोंबिवली ईस्ट आहे. नंबर हाच एक आहे. डॉक्टरांना लावतोय, पण संडेला दवाखाना बंद."

बघा हं. गेली कित्येक वर्षं त्या बाईची माहिती मुंबई-ठाण्यातल्या दहा दुकानांत पसरलेली. तिला गुडघ्याचा पट्टा कधी लागला हे कुणालाही सांगता आलं असतं. आणि जेव्हा तिच्या जिवावर बेतलं तेव्हा तिचं दार कुणाला माहीत नव्हतं. माझा त्या दिवशी इतका जळफळाट झाला की मला शक्य असतं तर मी आपोआप तिच्या घरी जाऊन वाजलो असतो.

क्षिप्रा ताटावर बसली आणि उठली. "आई, ही तीच बाई आहे. साडी परत केलेली."

मेसेज पुसायचे नाहीत तर वाचायचे, असं बऱ्याच दिवसांनी झालं. तिने फोन चाळला. एकच मेसेज उरला होता, आदल्या संध्याकाळचा, मेडिकलचा. खाली दुकानाचा फोन. तिने लावला. सरोजने उचलला.

"नमस्कार, मी ठाण्याहून क्षिप्रा बोलतेय. तुमच्या गिऱ्हाईक आहेत विनिता घाग, त्यांचा रिपोर्ट..."

"कोण बोलतंय?" सरोजचा सूर एकदम कोरडा झाला. "असले फोन रोज येतात मला. आधी रिपोर्ट, मग पत्ता, मग ओटीपी. आमच्या गिऱ्हाइकांचं काही सांगत नाही मी फोनवर."

"बरोबर आहे तुमचं. मला पत्ता नको. नंबर नको. काहीच नको. फक्त तुम्ही जा त्यांच्याकडे. पोटॅशियम वाढलंय म्हणाले लॅबवाले, खूप. लॅबचा नंबर तुम्ही स्वतः शोधून खात्री करा हवी तर. पण करा प्लीज."

"आणि तुमच्याकडे कसा आला हा फोन?"

"त्या तुमच्या दुकानात जो नंबर सांगतात ना, तो माझा आहे. वर्ष झालं."

 सरोजला काकूंची युक्ती आठवली असणार. "अगं बाई," एवढंच म्हणाली. "ठेव. मी जाते." आणि अर्धं शटर ओढून रस्ता ओलांडून पळाली.

विनिता शहाडला नणंदेकडे केळवणाला निघायच्या तयारीत होती. साडी नेसून झाली होती, पण पायात जीवच नव्हता म्हणून खुर्चीवर टेकली होती. दोन दिवस हातापायांना मुंग्या येत होत्या. उपासाचं असेल, असं तिने ठरवून टाकलं होतं. सरोजने आधी पावतीवरच्या नंबरावर लॅबला फोन करून खातरजमा केली आणि मग तिला काही बोलू दिलं नाही. रिक्षात घातलं आणि थेट हॉस्पिटल. मागाहून कळलं, बीपीवाल्यांनी साधं मीठ सोडून वेगळं, पोटॅशियमवालं मीठ खावं, असा कुठलातरी व्हिडिओ पाहून तिने ते सुरू केलं होतं. ते मीठ आणि तिच्या गोळ्या, दोन्ही मिळून हे झालं. डॉक्टर म्हणाले, केळवणाच्या पंगतीतच कोसळला असतात.

ठाण्यात क्षिप्राने जेवणाला हात लावला नाही. फोन समोर ठेवून बसली. मुरबाडचा प्लॉटवाला वाजला तेव्हा तिने त्याला असं काही सुनावलं की तो वर्षभर जमीन विकायचं नाव काढणार नाही. संध्याकाळी सरोजचा फोन आला.

"वेळेत पोचलो. आता बऱ्या आहेत. बाकी मी काही सांगणार नाही हं, त्यांना विचारल्याशिवाय."

"नका सांगू," क्षिप्रा म्हणाली आणि रडायलाच लागली. ज्या बाईला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

चार-पाच दिवसांनी विनिता घरी आली. सरोजने तिला सगळं सांगितलं. त्या मुलीचा नंबर विचारायची तिला गरजच नव्हती. तिने मला लावलं. किती हजार वेळा लावलं असेल तिने मला, पण त्या दिवशी तिने एकेक आकडा सावकाश दाबला. रिंग गेली. मी सांगतो तुम्हाला, त्या रिंगेच्या वेळात तिला वाटलं, कदाचित तेच उचलतील. अशी वेडी आशा माणसं करतात आणि मग कुणाला सांगत नाहीत.

"हॅलो?" क्षिप्रा म्हणाली.

विनिताने फोन कानाशी घट्ट धरला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी... तुझ्या फोनमधली बाई."

मग दोघी कितीतरी वेळ बोलल्या. आधी रडणं झालं, मग हसणं. विनिताला एकदम काहीतरी सुचलं आणि ती शरमली. "म्हणजे मी काय काय घेतलं ते सगळं तुला कळायचं?"

"सुरुवातीला वाचायचे, काकू. गंमत म्हणून. मग बंद केलं. सॉरी."

"ती साडीपण?"

"हो."

विनिता सांगू लागली. "लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी आमचे हे घ्यायचे. यंदा म्हटलं, आपणच घेऊ. घरी आणली, घडी मोडली, आरशासमोर धरली. आणि वाटलं, दाखवायची कुणाला? म्हणून दिली परत." मग म्हणाली, "संचितालाही सांगितलं नव्हतं मी हे. आणि तुला माहीत होतं."

"मला फक्त परत केल्याचं माहीत होतं, काकू. का ते नव्हतं."

क्षिप्राने तिला समजावून सांगितलं. बिलासाठी नंबर द्यायची सक्ती नसते. आता माहिती जपायचा कायदाही झालाय, नियम आलेत. पुरता लागू व्हायला अजून अवकाश आहे, पण आपली माहिती कशाला घेताय हे विचारता येईल, नको असेल तर खोडा म्हणता येईल.

"कायदा यायचा तेव्हा येऊ दे," विनिता म्हणाली. "मी उद्याच जाते. तुला माझा केवढा ताप झाला गं. नंबर बदलणार होतीस का?"

"होते."

"बदल हो खुशाल. माझ्याकडे बघून ठेवू नकोस. तुझा आहे तो."

ते वाक्य म्हणताना तिला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. मी तिच्याच जिभेवर होतो ना.

दुसऱ्या दिवसापासून विनिता दुकानं हिंडू लागली. किराणावाल्याने लगेच खोडलं. भांड्यांच्या दुकानात मालक म्हणाला, सिस्टीममध्ये डिलीटचा ऑप्शनच नाही. "मग येईपर्यंत बसते," म्हणून ती स्टुलावर बसली. दुपारपर्यंत ऑप्शन सापडला. साडीच्या दुकानातली मुलगी कळवळून म्हणाली, "काकू, एवढ्या वर्षांचे पॉइंट जातील." विनिता पडद्यावरच्या नावाकडे बघत होती. 'साईनाथ घाग.' मुलीला वाटलं, पॉइंटांचंच वाईट वाटतंय. "पुसू ना?" तिने विचारलं. विनिताने मान हलवली आणि नाव गेलं. त्या दुकानातून ती घरी न जाता थेट सरोजकडे आली आणि काउंटरच्या आतल्या बाजूला बसून पोटभर रडली. सरोजने गिऱ्हाइकांना दुसऱ्या बाजूने औषधं दिली.

क्षिप्राने अजून तरी मला ठेवलंय. तिच्या दुकानात आता ती आधी विचारते, "नंबर द्यायचाय का? नाही दिलात तरी चष्मा मिळेल." आणि मोठ्याने सांगायला लावत नाही, कागद पुढे करते. मालक कुरकुरतो. प्लॉटवाल्यांचे फोन येतातच. दहा दुकानांतून खोडला गेलो तरी ज्या यादीत विकला गेलो त्या यादीचं दार कुठे आहे, कुणालाच माहीत नाही. अधूनमधून विनिताचा फोन येतो. गोळ्या घेतल्या का, हे क्षिप्रा विचारते, आणि लग्नाचं काय, हे विनिता विचारते.

तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. आम्हां नंबरांना तोंड नसतं. कुणी विचारलं की तुम्ही आम्हाला सांगून टाकता, आणि मग आम्ही कुठे कुठे जातो, कुणाच्या हाती लागतो, याला आमचा इलाज नसतो. मागेल त्याला देऊ नका. कशाला हवाय, एवढं तरी विचारा. आणि आपल्या माणसाचा नंबर सांगताना तर चारदा विचार करा, तो माणूस असो वा नसो.

परवाच विनिता पुन्हा रक्त द्यायला त्या लॅबमध्ये गेली. तिच्यामागे रांग होती, बाकावरही माणसं बसलेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, आधी आलेलात ना? जुना नंबर सांगा, रेकॉर्ड निघेल."

सवयीने मी जिभेवर आलो. तीन आकडे तर ओठांपर्यंत आलेच होते. विनिताने तोंडावर हात ठेवला.

"नाही सांगणार."

"अहो, नंबरशिवाय सापडणार नाही."

"नावाने शोध. विनिता साईनाथ घाग." तिने सगळ्यांसमोर, सरळ, अख्खं नाव घेतलं. "आणि सापडलं की तो नंबर खोडून टाक. तो एका मुलीचा आहे. चारचौघांत कसा सांगू?"

मुलगी टाइप करू लागली. रांगेतल्या कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र तिच्या मिटल्या ओठांआड होतो, आणि इतक्या मायेने मला आजवर कुणी सांभाळलं नव्हतं.